नकाशाचे थर आणि साठवणीतले चित्र

या व्याख्यानमालेच्या पुस्तिकेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मोडी कागदपत्रे, बोलीभाषा असे विषय वाचण्याची आपल्याला सवय आहे. त्या पंक्तीत संगणकावरच्या नकाशाचा विषय थोडा उपरा वाटेल. त्यातून लिहिणारा होमिओपॅथीचा डॉक्टर, साठी उलटलेला. तरीही हा विषय निवडला, त्याला कारण आहे.

आपल्या सीमाभागात गल्ल्या, वाड्या, शिवारे, ओढे, माळ यांची जुनी मराठी नावे अजून वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. कागदावर मात्र फार थोडी आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. ‘चिंचेचा माळ’ कुठला आणि ‘वाणियाची पट्टी’ कुठली, हे सांगणारे तात्या किंवा आक्का गेल्या की ते नावही त्यांच्याबरोबर जाते. ही नावे नकाशावर उतरवून ठेवावीत, असे आता बऱ्याच घरांत बोलले जाते. हे काम घरच्या संगणकावर, पैसा न खर्चता करता येते. पण पडद्यावर दिसणारा नकाशा तयार कसा होतो, हे ठाऊक नसेल तर दोन धोके आहेत. पहिला, आपण नाव जपले असे समजतो आणि प्रत्यक्षात नुसते चित्र जपतो. दुसरा, पडद्यावर नाव दिसले नाही की कुणीतरी ते मुद्दाम पुसले, असा संशय घेतो. नावांवरून आपल्याकडे किती मने दुखावली आहेत, हे आपणांस सांगायला नको. म्हणून नकाशाच्या पोटात काय चालते ते शक्य तितक्या साध्या भाषेत मांडतो.

थर म्हणजे काय

आमच्या व्यवसायात एक नकाशा प्रसिद्ध आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी त्या वस्तीच्या नकाशावर प्रत्येक मृत्यूची एक लहान काळी रेघ त्या त्या घरापाशी काढली आणि पाण्याचे पंपही दाखवले. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती होती. त्या पंपाची दांडी काढून टाकण्यात आली.

या नकाशाकडे नीट पाहिले तर त्यात तीन नकाशे आहेत: रस्त्यांचा एक, मृत्यूंचा एक, पंपांचा एक. त्यांतला कुठलाही एक स्वतंत्रपणे पाहिला तर काही उलगडत नाही. तिन्ही एकमेकांवर ठेवले की उत्तर दिसते. एकावर एक ठेवलेल्या या प्रत्येक नकाशाला संगणकाच्या भाषेत लेयर, म्हणजे थर म्हणतात. आमच्या जैन घरांत लहानपणी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगून अनेकान्त समजावला जाई. थरांचे तत्त्व मला त्याच जातीचे वाटते. प्रत्येक थर खरा असतो, पण एकटा पुरेसा नसतो.

छापील नकाशांतही ही युक्ती जुनीच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात पाणी निळे, उंचीच्या रेषा तपकिरी, झाडी हिरवी असते. रंगीत छपाईत प्रत्येक रंगाचे ठसे वेगळे करून एकाच कागदावर ते पाळीपाळीने उमटवावे लागत. ते जरा जरी सरकले तरी नदी पुलाच्या बाजूने वाहू लागे. संगणकावर हेच तत्त्व आणण्याचे मोठे काम कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६०च्या दशकात केले. त्या देशाच्या जमिनीची मोजदाद एवढी अफाट होती की हाताने नकाशावर नकाशा ठेवून ती तपासणे परवडणारे नव्हते.

आज घरच्या संगणकावर हे काम करणारे जे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, त्याचे नाव क्यूजीआयएस. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते सुरू केले. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी ते वाढवले आणि जानेवारी २००९ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती निघाली. पुढचे सगळे मी याच सॉफ्टवेअरला धरून सांगतो.

चित्र कसे रंगते

पडद्यावरचा नकाशा हे फोटोसारखे आधीच तयार असलेले चित्र असते, असा आपला समज असतो. तसे नाही. आपण नकाशा थोडा सरकवला किंवा जवळ आणला की सॉफ्टवेअर तो नव्याने रंगवते. या रंगवण्याला रेंडरिंग म्हणतात.

डाव्या बाजूला थरांची यादी असते. यादीत जो थर सर्वांत खाली, तो आधी रंगतो. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. भिंतीला आधी चुना, मग रंग, मग वर नक्षी, तसाच क्रम. म्हणून वरच्या थरात भरीव रंगाचे मोठे क्षेत्र असेल तर खालचे सगळे झाकले जाते. नवशिक्याला वाटते, माहिती गेली. माहिती कुठेही गेलेली नसते. तो थर यादीत खाली ओढावा किंवा त्याचा रंग थोडा पारदर्शक करावा, की खालचे रस्ते दिसू लागतात.

पूर्वी हे थर एकामागून एक रंगत आणि सगळे संपेपर्यंत माणूस ताटकळत बसे. २०१४ साली आलेल्या २.४ आवृत्तीपासून वेगवेगळे थर एकाच वेळी रंगू लागले. संगणकाच्या आत हल्ली एकाऐवजी चार, आठ गणकयंत्रे असतात. प्रत्येकाने एकेक थर वाटून घ्यायचा, आपापल्या पारदर्शक कागदावर तो काढायचा आणि शेवटी सगळे कागद क्रमाने एकावर एक ठेवायचे. काम अपुरे असतानाही जेवढे झाले तेवढे दर पाव सेकंदाने पडद्यावर दाखवले जाते. त्यामुळे आता नकाशा डोळ्यांसमोर भरत गेलेला दिसतो.

कणगी आणि पेव

आता मुख्य मुद्दा. समजा आपल्या नकाशात आठ थर आहेत आणि आपण त्यांतल्या फक्त ओढ्यांच्या थराचा रंग बदलला. बाकीचे सात थर पुन्हा रंगवण्याचे काय कारण? सॉफ्टवेअर तसे करत नाही. प्रत्येक थराचा तयार झालेला कागद ते स्मृतीत बाजूला ठेवते. एका थरात बदल झाला की तेवढाच कागद रद्द होतो. इतर सात जसेच्या तसे पुन्हा वापरले जातात. नकाशा सरकवला किंवा त्याचे प्रमाण बदलले, की मात्र सगळे कागद नव्याने काढावे लागतात, कारण आता पडद्यावरचा प्रदेशच वेगळा आहे.

या बाजूला ठेवण्याला कॅश म्हणतात. रोख पैशाशी या शब्दाचा संबंध नाही. लपवणे या अर्थाच्या एका फ्रेंच क्रियापदावरून तो आला. आपल्या जुन्या घरांत त्याला चपखल उपमा आहे. वर्षाचे धान्य पेवात असे, महिन्याचे कणगीत आणि आठवड्याचे पीठ डब्यात. रोजच्या भाकरीसाठी कोणी पेव उघडत नसे. नकाशाच्या बाबतीत दूरचा सर्व्हर हे पेव, आपल्या संगणकाची डिस्क ही कणगी आणि चालू स्मृती हा हाताशी असलेला डबा. जे वारंवार लागते ते जवळ ठेवायचे, एवढेच कॅशचे सूत्र आहे.

सेटिंग्जमधल्या रेंडरिंगच्या पानावर या सोयीची खूण असते, ती चालू ठेवावी. तिथेच आणखी एक सोय आहे. नकाशा दूरून पाहताना नदीची हजारो वळणे एका ठिपक्यात मावतात, म्हणून सॉफ्टवेअर रंगवताना त्यांतली डोळ्यांना न दिसणारी वळणे गाळते. ही गाळणी पडद्यापुरती असते. मूळ नोंदीतले एकही वळण कमी होत नाही.

मोठ्या चित्राचा मनोरा

काही थर रेषा आणि बिंदूंचे असतात, तर काही फोटोसारखे ठिपक्यांचे. जुना नकाशा स्कॅन केला किंवा उपग्रहाचे छायाचित्र घेतले तर ते दुसऱ्या प्रकारात येते. अशा चित्राचा आकार अवाढव्य असू शकतो. ४०,००० रुंद आणि ४०,००० उंच ठिपक्यांच्या चित्रात १६० कोटी ठिपके होतात. आपल्या नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके मावतात. म्हणजे पूर्ण चित्र एका नजरेत पाहायचे तर सातशेहून अधिक ठिपक्यांमागे फार तर एक दिसणार. तरीही तो एक निवडण्यासाठी संगणकाला दर वेळी सगळे चित्र धुंडाळावे लागते. म्हणून यंत्र रखडते.

यावर उपाय म्हणजे त्याच चित्राच्या लहान लहान प्रती आधीच करून ठेवणे. पहिली २०,००० ठिपक्यांची, दुसरी १०,०००, तिसरी ५,०००, याप्रमाणे प्रत्येक वेळी निम्मी. एकावर एक मांडल्या तर त्यांचा मनोरा दिसतो, म्हणून त्यांना पिरॅमिड म्हणतात. दूरून पाहताना वरची लहान प्रत वापरायची आणि जवळून पाहताना तळाची. यासाठी जागा किती लागेल? बाजू निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होते. पाव, त्याचा पाव, त्याचाही पाव, अशी कितीही बेरीज केली तरी ती मूळ चित्राच्या एक तृतीयांशापलीकडे जात नाही. (साठवताना चित्र दाबून लहान केले तर हे गणित थोडे बदलते.) एवढी जागा दिली की मिनिटांचे काम क्षणावर येते.

फरशांचे जग

पार्श्वभूमीला दिसणारा रस्त्यांचा नकाशा किंवा उपग्रहाचे चित्र बहुधा इंटरनेटवरून येते. ते अखंड येत नाही. शहाबादी फरश्यांप्रमाणे चौकोनी तुकड्यांत येते. या तुकड्यांना टाइल म्हणतात. नेहमीची टाइल २५६ ठिपके लांब आणि तेवढीच रुंद असते. शून्य पायरीवर सारे जग एका टाइलमध्ये बसते. प्रत्येक पायरी उतरताना एका टाइलच्या चार होतात. दहाव्या पायरीवर १०,४८,५७६ टाइल होतात आणि अठराव्या पायरीवर ६,८०० कोटींहून अधिक. अठराव्या पायरीवर बेळगावच्या अक्षांशावर एका ठिपक्यात जमिनीचे सुमारे ५७ सेंटिमीटर येतात. म्हणजे घराचे अंगण ओळखू येते, दारातली तुळस नाही.

आपला पडदा भरायला मात्र एका वेळी चाळीस-पन्नास टाइल पुरतात. त्या एकदा आल्या की सॉफ्टवेअर त्यांची प्रत डिस्कवर, आपल्या कणगीत ठेवते. उद्या तोच भाग उघडला तर पुन्हा मागवायला नको. आपला वेळ वाचतो आणि पाठवणाऱ्याचा भारही हलका होतो. २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी काढलेला जगाचा नकाशा आहे. त्याचे सर्व्हर देणग्यांवर चालतात. तिथून ढिगाने टाइल उतरवून घेण्याला मनाई आहे, ती याचसाठी. गावच्या आडावर पोहरा लावावा, पंप लावू नये.

मधल्याच प्रमाणावर नकाशा थांबवला तर टाइल ताणल्या जातात आणि अक्षरे अंधूक दिसतात. आपल्या चष्म्याचा तो दोष नसतो. टाइल हे चित्र आहे. त्यातले नावही रंगाचाच भाग असते. ते सुटे करून बदलता येत नाही.

शिळे चित्र

इथे कॅशची दुसरी बाजू येते. दवाखान्यात जुना रुग्ण आला की मी त्याचा केसपेपर काढतो. सारी कुळकथा पुन्हा विचारावी लागत नाही, ही मोठी सोय. पण नुसत्या केसपेपरवरून औषध देणारा डॉक्टर समोरच्या माणसावर उपचार करत नसतो. सहा महिन्यांपूर्वीच्या माणसावर करत असतो. साठवलेल्या चित्राचेही तसेच आहे. ते काढले तेव्हा खरे होते.

समजा दोन घरांतली मंडळी एकच नकाशा पाहात आहेत. काल कुणीतरी ओपनस्ट्रीटमॅपवर एका गल्लीचे नाव नोंदवले. एकाच्या संगणकावर ते दिसते, दुसऱ्याच्या नाही. दुसरा म्हणतो, ‘आमचे नाव काढून टाकले.’ फोन होतात, आवाज चढतात. वास्तविक पहिल्याच्या कणगीत आजची टाइल आहे आणि दुसऱ्याच्या कणगीत परवाची. टाइल किती काळ ताजी मानायची, हे पाठवणारी सेवा सांगते. तिने काही सांगितले नसेल तर क्यूजीआयएस सहसा २४ तास धरते. एफ ५ ही कळ दाबली की थरांचे कागद नव्याने रंगतात. पण डिस्कवरच्या टाइल मुदत संपेपर्यंत बहुधा त्याच राहतात. त्यांसाठी सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन कॅश रिकामी करावी लागते. संशयाचा पहिला शब्द उच्चारण्याआधी एवढे केले तर निम्मे तंटे जागीच मिटतील.

मात्र कॅश रिकामी केली म्हणजे नकाशा आजचा झाला, असेही नाही. चित्राला दोन वये असतात: आपल्या डिस्कवर ते कधी आले हे एक, आणि मुळात ते कधी टिपले हे दुसरे. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांत महापूर आला. त्या दिवसांत कोणी पार्श्वभूमीचे उपग्रहचित्र उघडले असते तर त्याला नद्या पात्रात शांत वाहताना दिसल्या असत्या, कारण असे चित्र निरभ्र दिवसांच्या छायाचित्रांतून जुळवलेले असते. कितीही वेळा ताजे करा, पूर त्यात दिसणार नाही. कुठला रस्ता पाण्याखाली आहे हे सांगणारा थर निराळा लागतो, आणि तो त्या दिवशी पाहून आलेल्या माणसानेच भरावा लागतो.

नावांची गर्दी

क्यूजीआयएसमध्ये नावे, म्हणजे लेबले, एरवी सगळ्या थरांच्या शेवटी, सर्वांत वर रंगतात. त्यामागे विचार आहे. नावांना जागा लागते आणि जागा मर्यादित असते. म्हणून सॉफ्टवेअर सर्व थरांतली नावे एकत्र घेते, कुठले कुठे मावेल याचा हिशेब करते आणि एकमेकांवर चढणारी नावे गाळते. एका थरातले नाव बदलले की हा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो, कारण एक नाव सरकले तर शेजारचेही सरकते.

म्हणजे पडद्यावर नाव नसणे आणि नोंदीत नाव नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जरा जवळ जाऊन पाहावे. जागा वाढली की गळलेले नाव पुन्हा दिसते. न मावलेली नावे लाल रंगात दाखवणारे बटणही आहे. पण दाटीत कोणते नाव राहावे आणि कोणते गळावे याचे प्राधान्य माणूस ठरवतो. यंत्राला मराठी, कन्नड, उर्दू कळत नाही. त्याला आपण दिलेला क्रम तेवढा कळतो. तेव्हा नावांचा थर करताना हा क्रम विचाराने द्यावा. गल्लीला दोन भाषांत दोन नावे असतील तर दोन्ही नोंदवावीत. एकाच ठिकाणासाठी एका रकान्यात मराठी नाव, दुसऱ्यात कन्नड, तिसऱ्यात सरकारी, चौथ्यात सांगणाऱ्याचे वय आणि सांगितल्याचे वर्ष लिहावे. १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या शहराचे अधिकृत नाव बेळगावी आहे. घराघरांत बेळगाव आहे. रकाने वेगळे असतील तर दोन्ही सुखाने नांदतात. कोणी कुणाला पुसावे लागत नाही.

काय जपावे

आता कामाचे चार शब्द. नकाशाचे सुंदर चित्र छापून भिंतीवर लावा, पण त्यालाच ठेव समजू नका. ठेव म्हणजे थरातली नोंद: हा बिंदू, हे नाव, हे वर्ष. क्यूजीआयएसची प्रकल्पाची फाइलही ठेव नव्हे. ती पत्त्यांची वही आहे. कोणता थर कुठे ठेवला आणि कोणत्या रंगात काढायचा, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. पुण्याच्या मुलाला नुसती ती फाइल पाठवली तर त्याला रिकामी घरे दिसतील. थरांच्या फाइली बरोबर द्याव्यात.

नोंदी जिओपॅकेज या प्रकारात ठेवाव्यात. अनेक थर एका फाइलीत मावतात आणि देवनागरी अक्षरे शाबूत राहतात. शेपफाइल नावाचा जुना प्रकार अजून चालतो. पण त्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचे एक अक्षरचिन्ह सहसा तीन बाइट घेते. ‘गावाचे नाव’ असा साधा मथळाही त्यात बसत नाही. फाइलीची एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावी ठेवावी आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहावी.

वाचकहो, दक्षिणोत्तर भारत मोजायला विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा आखली. १८२३ मध्ये काम अर्धे असतानाच आपल्या हिंगणघाटला ते वारले आणि इतरांनी ते पुढे नेले. त्यांना पुढे नेता आले, कारण मागे मोजमापांच्या वह्या होत्या. नुसती चित्रे नव्हती. आपल्या घरात आज ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. शिवारातली नावे एकेक करून विचारा, वही घ्या आणि लिहा. संगणकावर ती पुढच्या आठवड्यात चढवली तरी चालतील. सांगणाऱ्याची आठवण मात्र कुठल्याही कणगीत साठवलेली नाही.